देव्हाऱ्याखालचा कौल

कौलाचं एक लाकूड माझ्या हातातून सुटलं, फरशीवर आपटलं, भोवऱ्यासारखी गिरकी घेऊन सरळ देव्हाऱ्याच्या कपाटाखाली गेलं, आणि माझे यजमान आणि धाकटे भावजी माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सासऱ्यांनाच तिथे लोटून दिलं होतं. जोडीचं दुसरं लाकूड माझ्या पायाशी होतं. सपाट बाजू वर. आमच्याकडे ही लाल लाकडं चंद्रकोरीसारखी असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर, आणि ती टाकून पितरांना काहीही विचारता येतं. एक सपाट, एक फुगीर पडलं की ते हो म्हणाले. दोन्ही फुगीर पडली की नाही म्हणाले. दोन्ही सपाट पडली तर ते नुसते हसले. का हसले ते आपलं आपण समजून घ्यायचं. तर अर्धा कौल माझ्या पायाशी होता आणि अर्धा कपाटाखालच्या अंधारात. "नकार तर टळला," भावजी म्हणाले आणि त्यांनी मानेवरचा घाम पुसला. "आता एक तर हो, नाही तर हसले." यजमानांनी माझ्या पायाशी पडलेल्या लाकडाकडे बघत एक लांब सुस्कारा सोडला. आणि आमच्या तिघांच्या पलीकडे, देव्हाऱ्याकडे पाठ करून, चाकाच्या खुर्चीत बसून सासूबाई टीव्हीवरचं संगीत नाटक बघत होत्या. आवाज इतका मोठा, की नाटकातली राजकन्या आमच्याच स्वयंपाकघरात विलाप करत असावी.

प्रश्न त्यांच्याबद्दलचाच होता. डोंगराच्या पायथ्याशी म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे. स्वच्छ, झाडं आहेत, परिचारिका आहेत. तिथे नाव घालून खूप दिवस झाले होते आणि काल तिथली एक खाट रिकामी झाली. कशी रिकामी झाली ते कुणी विचारलं नाही. आज पाचपर्यंत कळवायचं, नाही तर जागा पुढच्या माणसाला. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाईंना उचलणं, बसवणं, अंघोळ, रात्रीचं उठणं सगळं माझ्याकडे. माझी पाठ आता खाली वाकली की वर यायला विचार करते. हे सगळ्यांना दिसत होतं. पण थोरल्या मुलाने आईला घराबाहेर ठेवायचं म्हणजे काय, हे आमच्या काओश्युंग शहरात कुणाला सांगावं लागत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या सासऱ्यांना असंच ठेवलं, तर लिफ्टमध्ये लोक त्यांना नमस्कार करतात आणि दार बंद झालं की उसासा टाकतात. म्हणून दोघा भावांनी महिनाभर फोनवर खल करून मार्ग काढला. जिवंत आईला विचारायची छाती होईना, तेव्हा मेलेल्या वडिलांना विचारायचं. आज बाबांची पुण्यतिथी होतीच.

आता बाबांना विचारायचं म्हणजे काय, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणीही सांगितलं असतं. बंदराजवळ त्यांचं मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईकाने विचारलं, "जाळं टिकेल ना?" तर म्हणायचे, "बघू." थोरल्याने माझ्याशी लग्न करतो म्हणून सांगितलं तेव्हा म्हणाले, "बघू." मी त्या "बघू"वरच या घरात आले. सू-युन वन्संनी तैपेईला नोकरी धरू का विचारलं, बघू. शेवटी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं विचारलं, तेव्हाही त्यांनी छताकडे बघून तेच म्हटलं, आणि मग बघायची वेळच आली नाही. जेवायलासुद्धा त्यांना तासन् तास लागायचे. एकेक काटा काढून ताटाच्या काठाला रांगेने लावायचे, जणू ते त्या माशाला पुन्हा शिवायचे आहेत. अशा माणसाकडून दोन मुलं दुपारपासून हो किंवा नाही मागत होती. यजमानांनी कौल टाकला: हसले. "कदाचित बाबांचं नैवेद्याचं जेवण अजून चाललं असेल," भावजी म्हणाले. आम्ही उदबत्ती अर्धी होईपर्यंत थांबलो. पुन्हा: हसले. मग यजमानांनी प्रश्न बदलला. "आईला विश्रांतीसाठी पाठवावं का?" हसले. भावजींनी लाकडं हातात घेतली, गुडघे टेकले, सरकारी कचेरीत अर्ज करावा तसं घराचं पूर्ण नाव, रस्ता, मजला सगळं सांगितलं. दोन्ही फुगीर. चक्क नाही. भावजींचा चेहरा असा पडला, की लहानपणी बाबांनी त्यांना एकदाच थोबाडीत मारली होती त्याची मला आठवण झाली. तेव्हा मी नवी नवरी होते, आणि ती थोबाडीतही बाबांनी बराच वेळ विचार करून मारली होती.

"वहिनी, तुम्ही टाका," भावजी म्हणाले. "तुमचा हात शुद्ध आहे. तुम्ही व्रतं करता." मी व्रतं करते हे खरं. पहाटे उठून सूत्रं म्हणते, प्रतिपदेला आणि पौर्णिमेला पालेभाजीवर राहते, प्राण्याला मारायचं नाही, खोटं बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मी हळू बोलते आणि सासूबाईंना ऐकू येत नाही, म्हणून आमच्यात इतक्या वर्षांत भांडण झालं नाही. चंद्राच्या पंचांगाने आज प्रतिपदा. सकाळपासून मी बाबांसाठी दूधमासा आणि डुकराचं मांस शिजवलं ते चव न बघता, वासावर, आणि वास घेणंही व्रतात बसतं की नाही याची मनात टोचणी होतीच. मी लाकडं घेतली, कपाळाशी नेली. मनात नीट वाक्य जुळवलं: बाबा, आईंना डोंगरपायथ्याच्या घरी पाठवावं का? वाक्य तयार होतं. हात वर होते. आणि लाकडं सुटायच्या त्या एका क्षणाला, कोण जाणे कुठून, मनातून दुसरंच वाक्य निसटलं, ताटातून मूग निसटावेत तसं: बाबा, मी थकले आहे, चालेल ना? एवढंच. मग लाकडं पडली, आणि एक आत गेलं.

आता लाकूड काढायचं तर कपाट हलवायला हवं, आणि देव्हाऱ्याचं कपाट असं उठून हलवता येत नाही. ते मुहूर्त बघून ठेवलेलं असतं. मुहूर्त बघूनच हलतं. एरवी हलवलं तर पितरांची घडी मोडते. "काठीने ओढू," भावजी म्हणाले. "ओढलं की उलटेल," यजमान म्हणाले. "उलटलं की तो कौल बाबांचा राहणार नाही, तुझा होईल." हे पटलं. तेव्हा दोघेही भाऊ, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक विमा विकणारा, शर्टाची बटणं ताणत फरशीवर पालथे झाले आणि गाल जमिनीला लावून कपाटाखाली बघू लागले. मला आमच्या देवळाच्या भिंतीवरचं चित्र आठवलं. आईला मासा खायची इच्छा झाली म्हणून एक मुलगा गोठलेल्या नदीवर उघड्या अंगाने झोपला. त्याच्या अंगाच्या उबेने बर्फ वितळलं आणि मासा वर आला. आमच्या भिंतीवर तो मुलगा फार बारीक काढला आहे. हे दोघं एखाद्या बर्फावर झोपले असते तर मासा नव्हे, नदीच वर आली असती. त्याच भिंतीवर पुढे आणखी एक चित्र आहे. लग्नानंतर सासूबाई मला मुद्दाम ते दाखवायला घेऊन गेल्या होत्या. दात पडलेल्या सासूला सून अंगावर पाजते आहे, आणि सासू त्याने तगून राहिली. सासूबाई त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मला घाम फुटला. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घाबरू नकोस. माझे दात चांगले आहेत." त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली की त्या आवडल्या हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता त्यांचे दात रात्री पेल्यात असतात, आणि पेला मी धुते.

"काही दिसत नाही," यजमान जमिनीवरून म्हणाले. "नुसती धूळ आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांच्या पायाखाली धूळ! रोज झाडते मी, पण तिथवर माझी पाठ जात नाही. तेवढ्यात कपाटावर ठेवलेल्या फोनमधून आवाज आला. तो आम्ही सगळेच विसरलो होतो. सू-युन वन्सं तैपेईहून दुपारपासून फोनच्या पडद्यावर हजर होत्या. पुण्यतिथीला येता आलं नाही म्हणून. "दादा, मला आत सरकवा," त्या म्हणाल्या.

"काय सरकवा?"

"फोनचा दिवा लावा आणि मला कपाटाखाली सरकवा. मला दिसेल."

"आपण बाबांच्या देव्हाऱ्याखाली मुलीला सरकवायचं?" भावजी म्हणाले.

"लग्न झालेली मुलगी म्हणजे घरातून ओतून दिलेलं पाणी ना? लग्नात आईने माझ्या गाडीमागे तांब्याभर ओतलंही. पाणी कुठेही जातं. सरकव."

भावजींनी दिवा लावला आणि आपल्या बहिणीला हळूच, अगदी हळूच, पोळी तव्यावर टाकावी तसं आत सरकवलं. टीव्हीवरच्या राजकन्येला तिचा प्रियकर सापडला होता आणि ती तरीही रडत होती. कपाटाखालून वन्संचा आवाज आला, घशातून यावा तसा: "वहिनी, इथे तर एक बटण आहे. एक खेळण्यातली मोटार. ही शिआओ-वेईची हरवलेली मोटार, हिच्यासाठी केवढा गोंधळ घातला होता त्याने!" शिआओ-वेई म्हणजे माझा मुलगा, तो आता कॅनडात खरी मोटार चालवतो आणि नववर्षाला फोन करतो. "वन्सं, लाकूड," मी म्हटलं. "हां, दिसलं." मग त्या गप्प झाल्या. इतक्या गप्प, की यजमानांनी विचारलं, "फोन बंद पडला का?" "नाही," वन्सं म्हणाल्या. "फुगीर बाजू वर आहे. फुगीर. म्हणजे हो. बाबा हो म्हणाले." आणि लगेच, जरा घाईने: "वहिनी, ती धूळ तुम्हीच काढा बरं का, सावकाश. दुसऱ्या कुणाला तिथे हात घालू देऊ नका. आता बाहेर काढा मला, गुदमरतंय."

भावजींनी वन्संना बाहेर काढून त्यांचा फोन बंद केला, आणि उठताना कपाटाच्या कडेला डोकं आपटूनही ते हसत होते. यजमानांचे डोळे भरून आले होते. "बाबा समजूतदार," ते म्हणाले. "शेवटी समजले." भावजी फोन हातात घेऊन त्या घराचा नंबर शोधू लागले, आणि मी तिथेच उदबत्तीच्या राखेकडे बघत उभी राहिले. सांगायची काही गरज नव्हती. कुणी मला विचारलं नव्हतं. माझी पाठ म्हणत होती, गप्प बस. पण पहाटे जिभेवर सूत्रं ठेवायची आणि दुपारी त्याच जिभेखाली हे लपवायचं, हे कुठल्या तोंडाने? त्यातून बाबांचा तो आयुष्यातला बहुधा पहिला होकार. तो चुकीच्या पत्त्यावर पोचू द्यायचा? "अहो," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. "अहो." मग तिसऱ्यांदा मला जरा आवाज चढवावा लागला आणि तेही व्रत मोडलं. "मी आईंचं विचारलंच नाही."

"म्हणजे?"

"विचारायला गेले आईंचं. पण हात सुटताना मनात दुसरं आलं. मी विचारलं, मी थकले आहे, चालेल ना?"

भावजींचं बोट फोनवर थांबलं. "वहिनी, ते तेच झालं ना! तुम्ही थकलात, बाबा म्हणाले चालेल, म्हणजे आईला तिकडे..."

"तेच कसं होईल?" यजमान म्हणाले. निवृत्त झाले तरी त्यांना चुकीचं उत्तर बरोबर देता येत नाही. "थकणं वेगळं, पाठवणं वेगळं. प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याचं, असे गुण देता येत नाहीत."

"दादा, पाच वाजायला आले!"

"मग काय बाबांना घाई करू? तू केलीस, तर तुला नाही म्हणाले."

"मला नाही म्हणाले ते तू आधी तीनदा चिडवून ठेवलंस म्हणून!"

आणि तेव्हा राजकन्या एकदम गप्प झाली. सासूबाईंनी टीव्ही बंद केला होता. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती; बंदरातल्या बोटीचा भोंगा थेट देव्हाऱ्यापर्यंत आला. "बी-श्या," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला वळव." मी खुर्ची वळवली. त्यांनी आधी दोन्ही मुलांच्या शर्टावरची धूळ बघितली, मग माझ्याकडे. "तू त्याला विचारलंस, मी थकले तर चालेल का?"

"हो, आई."

"आणि तो हो म्हणाला? पहिल्या फटक्यात?"

"वन्सं तसं म्हणाल्या."

सासूबाईंचे ओठ आवळले गेले. मला वाटलं आता रडतील. "साठ वर्षं संसार केला मी त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "एकदा हो म्हणाला नाही. सणाला नवे कपडे घेऊ का विचारलं, तर बघू. हिला बघ, सुनेला, पहिल्या फटक्यात हो!" त्या खरोखर रागावल्या होत्या. "आ-ल्यांग, दोन नाणी दे." नाण्यांनीही कौल घेता येतो, चित्र आणि आकडा. यजमानांनी खिसे चाचपले, नाणी दिली. सासूबाईंनी ती दोन्ही तळहातांत धरली, डोळे मिटले, आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटल्या, प्रार्थनेसारखं कमी, भांडणासारखं जास्त. मग मांडीवरच्या पांघरुणावर टाकली. एक चित्र, एक आकडा.

"हो म्हणाले!" भावजी म्हणाले. "आई, काय विचारलंस?"

"तुला काय करायचंय? आमचं नवराबायकोचं आहे ते." त्यांनी नाणी मुठीत घेतली, परत दिली नाहीत. "आ-शेंग, त्या घराला फोन लाव. सांग, येते म्हणून."

यजमान मटकन खुर्चीवर बसले आणि रडायला लागले. थोरल्या मुलाने या वेळी रडायचं असतं, पण ते तसे रडत नव्हते. नाक वाहत होतं त्यांचं. "रडतोस काय?" सासूबाई म्हणाल्या. "गेले नाही अजून मी. आणि रोज मला भेटायला येऊ नकोस, तू आलास की परीक्षा असल्यासारखं वाटतं." मग माझ्याकडे वळल्या. "तुला वाटलं मला माहीत नाही, तू थकलीस ते? टीव्ही मला ऐकू येत नाही. तुझी पावलं ऐकू येतात. पूर्वी उचलून टाकायचीस. आता ओढतेस." मी त्यांच्या मांडीवरचं पांघरूण नीट केलं. "शिवाय," त्या म्हणाल्या, "तिथे महिन्यातून दोनदा पाला खावा लागत नाही. मी चौकशी केली आहे."

"कुणाकडे?" भावजींनी विचारलं.

"खालच्या मजल्यावरच्या सासऱ्यांनी फोन केला होता. म्हणाले, मासा चांगला असतो. काटे काढून देतात." मग जरा थांबून, देव्हाऱ्यातल्या बाबांच्या नावाच्या पाटीकडे बघत, "त्यालाही तिथला पत्ता सांगून ठेव, बी-श्या. मजला, खोली, सगळं नीट सांग. रस्ते लक्षात राहायचे नाहीत त्याच्या. आता येतो म्हणालाय खरा." तेव्हा मला कळलं त्यांनी काय विचारलं होतं, आणि त्यांनाही कळलं की मला कळलं, म्हणून त्या लगेच ओरडल्या, "त्याचं जेवण झालं! वाढा आता! मासा गार करून ठेवलात."

आम्ही जेवायला बसलो. मी माझी पालेभाजी घेतली आणि सासूबाईंच्या माशातले काटे काढून ताटाच्या काठाला लावत बसले. रांगेने लागले ते. खालून कचऱ्याच्या गाडीचं पियानोचं गाणं आलं आणि दोघे भाऊ, पाच वाजता ज्यांच्या आईचं ठरलं होतं असे दोघे, घासासकट उठून पिशव्या घेऊन लिफ्टकडे धावले. गाडी कुणासाठी थांबत नाही. सासूबाई खुर्चीतच पेंगल्या, मुठीत नाणी. घरात दुसरं जागं कुणी नव्हतं. मी लांब दांड्याचा झाडू आणला आणि वन्संनी सांगितलं होतं तसं, सावकाश, एक हात कंबरेवर ठेवून, फरशीवर आडवी झाले. गाल जमिनीला लावला. फरशी गार होती. त्या बर्फावरच्या मुलाला आधी गारच वाटलं असेल, मग बरं. डोळे अंधाराला सरावले. बटण दिसलं. शिआओ-वेईची लाल मोटार दिसली, एक चाक नसलेली. आणि तिच्या पलीकडे लाकूड दिसलं.

सपाट बाजू वर होती.

दोन्ही सपाट. बाबा हो म्हणालेच नव्हते. मी विचारलं होतं, थकले तर चालेल ना, आणि ते हसले होते, दुकानात एखाद्या पोराने "समुद्रात पाणी आहे ना?" विचारलं की हसायचे तसे. तैपेईत, दूर, ते ओतून दिलेलं पाणी आत्ता काय करत असेल कोण जाणे. बहुधा माझ्या फोनची वाट बघत असेल. सासूबाईंचा कौल मात्र खरा, मी डोळ्यांनी पाहिला, एक चित्र, एक आकडा; त्यात कुणाचा हात नव्हता. मग मला हसू आलं. आवाज न करता हसायची मला सवय आहे, पण आडवं पडून हसलं की पोट फरशीला लागतं आणि पाठीतून कळ येते, आणि कळ आली की आणखी हसू येतं. मी झाडूने मोटार बाहेर ओढली, बटण ओढलं, शेवटी लाकूड. वाटेत ते उलटलं, उलटून पुन्हा उलटलं, आणि माझ्या नाकाशी येऊन थांबलं. कोणत्या बाजूने, ते मी बघितलं नाही. लिफ्टचं दार वाजलं.

"काय झालं?" यजमान दारातून म्हणाले. "पडलीस का?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "धूळ काढते आहे."

खोटं बोलायचं नाही असं व्रत आहे. न विचारलेलं सांगायचं, असं कुठल्याही सूत्रात नाही. उद्या पहाटे सूत्रांत पुन्हा एकदा नीट बघून घेईन. बघू.